तडजोडीचे पैसे राज्याच्या तिजोरीत गेले की ते कोणाचे?

सुमेधा_स्टॉकटन

नमस्कार मंडळी,

विषय अमेरिकेतला आहे. पण इथे तिकडचे बरेच जण आहेत आणि सरकारी हिशेब आतून पाहिलेलेही आहेत, म्हणून इथेच मांडते.

२०२५ च्या जूनअखेरीस न्यू जर्सीच्या अर्थसंकल्पात ओपिऑइड सेटलमेंटमधले (अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाबद्दल औषध कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतले) साडेचार कोटी डॉलर मोठ्या हॉस्पिटलांकडे वळवले गेले. ती बातमी वाचल्यापासून मला आमचं २०१२ साल सारखं आठवतंय.

आम्ही २००५ साली कॅलिफोर्नियात स्टॉकटनला घर घेतलं. २००९ मध्ये नवऱ्याची नोकरी गेली. हप्ता कमी करून मिळावा म्हणून बँकेकडे अर्ज केला. बँकेचं नाव घेत नाही. तेव्हा कागद फॅक्सने पाठवायचे असत. कोपऱ्यावरच्या दुकानात पानाला एक डॉलर. पगाराच्या पावत्या, टॅक्सचे कागद, हाताने लिहिलेलं अडचणीचं पत्र, सगळी मिळून ४३ पानं. तीनदा पाठवली आणि तिन्ही वेळा फोनवर ऐकलं, "कागद पोचले नाहीत." फॅक्स गेल्याची जी चिठ्ठी मशीनमधून निघते ती मी दर वेळी पाकिटात घालून ठेवायचे. चौथ्या खेपेची तयारी चालू होती तेव्हाच दाराला लिलावाची नोटीस लागली. २०१० च्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांत घर गेलं.

मग फेब्रुवारी २०१२ मध्ये मोठी बातमी आली. कागद न वाचता हजारो जप्त्यांवर सह्या ठोकल्याबद्दल देशातल्या पाच मोठ्या बँकांनी ४९ राज्यांशी आणि केंद्र सरकारशी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. त्यातला बराचसा भाग कर्जात सूट वगैरे देण्यासाठी होता. राज्यांच्या हातात रोख आले अडीच अब्ज, आणि त्यातले सुमारे ४१ कोटी आमच्या कॅलिफोर्नियाचे. घर वाचवण्यासाठी लोकांना सल्ला, कायद्याची मदत, बँकांच्या फसवणुकीचा तपास, यासाठी ते आहेत असं आम्हाला सांगितलं गेलं.

राज्याची तूट त्या मे महिन्यात १५.७ अब्जांवर गेली होती. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी तडजोडीचे बहुतेक पैसे त्या खड्ड्यात घातले. राज्याच्या ज्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलांनी, ते भांडून मिळवले होते त्या कमला हॅरिस यांनी याला उघड विरोध केला, पण अर्थसंकल्प तसाच मंजूर झाला.

जून २०१३ मध्ये घर गेलेल्यांना एकेक चेक आला. १,४८० डॉलरच्या आसपास. चेकबद्दल माझी तक्रार नाही. दुःख वेगळंच आहे. आमच्या भागात एक विनामूल्य सल्ला केंद्र होतं. तिथल्या एका बाईंनी माझ्याशेजारी बसून अर्जाचं पान न् पान भरलं होतं. फॅक्सच्या चिठ्ठ्या जपून ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं. त्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले तर केंद्र आठवड्यातून दोन दिवसांवर आलं होतं, आणि त्या तिथे नव्हत्या. पैसे संपले म्हणाले.

तर माझा प्रश्न असा. ज्यांच्या नुकसानीपोटी पैसे आले त्यांच्यासाठीच ते खर्च व्हायला हवेत, की एकदा राज्याच्या खात्यात पडले की राज्य ठरवेल तिथे?

---

पावशेर

ज्याच्या हाती ससा तो पारधी. वाचतोय, जाणकारांनी लिहावं.

---

हिशेबनीस

सुमेधाताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. मंत्रालयात वित्त विभागात ३१ वर्षं काढलेला माणूस म्हणून तिजोरीच्या बाजूने थोडं सांगतो. समर्थन म्हणून नाही, रीत कळावी म्हणून.

आपल्याकडे सरकारला आलेला पैसा दोन दारांनी आत येतो. घटनेच्या कलम २६६ मध्ये ती दोन्ही दारं आहेत. एक संचित निधीचं, तिथे कर, शुल्क, कर्ज सगळं जातं. दुसरं लोकलेख्याचं. तिथे सरकार फक्त राखणदार असतं, भविष्य निर्वाह निधीसारखे दुसऱ्यांचे पैसे सांभाळतं. संचित निधीत पडलेल्या रुपयावर कोणाचं नाव राहत नाही. विहिरीत घागर ओतली की तुमचं पाणी वेगळं काढता येत नाही, तसं. अमेरिकेत शब्द वेगळे असतील, दारं हीच दोन आहेत. ताई, तुमचे ४१ कोटी कोणत्या दाराने आत गेले त्यावर सगळं अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हरमॉन्ट सोडलं तर तिथल्या जवळपास सगळ्या राज्यांना अर्थसंकल्प समतोल ठेवायचं बंधन आहे. नोटा छापता येत नाहीत, केंद्रासारखं तुटीवर तूट काढता येत नाही. अशा वेळी वित्त सचिव कुठलाही न बांधलेला पैसा शोधतो. मीही शोधलाय. मार्चअखेरीला कोणत्या लेखाशीर्षाखाली काय पडून आहे याची यादी माझ्या टेबलावर असायची.

पण माझ्या साहेबांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, एकदाच येणाऱ्या पैशाने दरवर्षीचा खर्च भागवायचा नाही. यंदाची तूट बुजते, पुढच्या वर्षी तेवढाच खड्डा परत समोर, आणि हातात काही नाही.

---

फॉल्समकर

मी उलट बाजू मांडतो. सुमेधाताई रागावू नका.

मी तेव्हा कॅलिफोर्निया राज्य सरकारच्या नोकरीत होतो. जुलै २००९ मध्ये राज्याकडे रोकड उरली नव्हती, म्हणून पैसे द्यायचे त्या लोकांना चेकऐवजी "नंतर देऊ" असे कागद पाठवले गेले. आम्हाला महिन्यातून तीन शुक्रवार बिनपगारी घरी बसवलं. बायको शाळेत शिक्षिका. कॅलिफोर्नियात नोकरी जाणार असेल तर १५ मार्चच्या आत कळवावं लागतं. तिला सलग दोन वर्षं ते पत्र आलं. दोन्ही वर्षी उन्हाळ्यात परत घेतलं, पण मार्च ते जून आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही.

ती तूट तरी कशाने आली होती? घरांचा फुगा फुटला त्याने. घरांच्या किमती कोसळल्या, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, कर आटले. म्हणजे बँकांनी जे केलं त्याचा मार राज्यालाही बसला, शाळांनाही बसला. मग त्या भरपाईवर माझ्या बायकोच्या वर्गातल्या मुलांचा हक्क नाही का? खुद्द तुमच्या स्टॉकटन शहराने जून २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पोलीस कमी झाले, वाचनालयांचे तास कमी झाले. त्या सगळ्यांचंही नुकसानच झालं होतं.

---

रानजाई

फॉल्समकर, मुद्दा चांगला आहे. याचा विचार केला नव्हता.

---

सुमेधा_स्टॉकटन

@फॉल्समकर, रागावेन कशाला! तुमच्या घरात मार्च महिना कसा गेला असेल ते मला कळतं. स्टॉकटनचं म्हणता तेही खरं. आमच्याकडचं वाचनालय माझ्या मुलाचं दुसरं घर होतं.

पण एक हिशेब करून बघा. तूट १५.७ अब्ज. तडजोडीचे ४१ कोटी. शंभरातले तीनसुद्धा नाहीत. तुमच्या पत्नीची नोकरी त्या पैशाने वाचली नसती, नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रस्ताव ३० मंजूर होऊन कर वाढला तेव्हा शाळा सावरल्या. पण सल्ला केंद्रांसाठी तेच ४१ कोटी म्हणजे सर्वस्व होतं. त्या एका बाईंच्या पगारावर वर्षाला किती घरं वाचली असती!

@हिशेबनीस काका, दोन दारांचं सांगितलंत ते आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आमचे पैसे कोणत्या दाराने गेले?

---

मीनल_ओकलंड

याचं उत्तर माझ्याकडे आहे. वकिली करते, हा खटला जवळून वाचला आहे.

पैसे काकांच्या दुसऱ्या दाराने आले होते. तडजोडीच्या कागदात कॅलिफोर्नियाच्या वाट्याचे हेतू लिहिलेले होते आणि रक्कम एका खास ठेव निधीत ठेवायची होती. अर्थसंकल्पासोबत कायदा करून वित्त खात्याला तिथून उचलायची मुभा दिली गेली. गंमत वाटेल पण पैसे थेट "तूट" म्हणून गेले नाहीत. मोठा हिस्सा गेला राज्याने पूर्वी काढलेल्या गृहनिर्माण रोख्यांच्या हप्त्यांत. सरकारचं म्हणणं होतं, रोखेही घरांसाठी, तडजोडही घरांसाठी, म्हणजे हेतू साधला. पण ते रोखे या तडजोडीच्या आधीचे, आणि ते हप्ते राज्य एरवीही भरणारच होतं.

२०१४ मध्ये अल्पसंख्य समाजांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी दावा लावला. जुलै २०१८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की ३३.१ कोटी डॉलर बेकायदा वळवले गेले, ते निधीत परत करा. मग विधिमंडळाने नवा कायदा केला की आम्ही २०१२ मध्ये जे केलं तेच आमच्या मनात होतं. न्यायालयाने तेही मान्य केलं नाही. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने यात हात घालायला नकार दिला आणि निकाल कायम झाला. २०२० च्या अर्थसंकल्पात ते ३३.१ कोटी परत ठेवले गेले, घरमालकांना सल्ला आणि हप्त्याची मदत, भाडेकरूंना कायद्याची मदत यासाठी.

म्हणजे सुमेधाताई, तुम्ही जिंकलात. फक्त आठ वर्षांनी.

---

सुमेधा_स्टॉकटन

मीनल, हे मला माहीतच नव्हतं. आमच्यापर्यंत आलंच नाही. दोनदा वाचलं.

२०२० मध्ये ज्यांना मदत मिळाली त्यांच्यासाठी खूप बरं वाटतंय, करोनात ती गरज होतीच. पण २०१२ मध्ये आमच्या गल्लीत ज्या सहा घरांवर पाट्या लागल्या होत्या त्यातलं कोणीही आता तिथे नाही.

---

डॉ_शैलजा

मिनेसोटातून लिहिते आहे. सार्वजनिक आरोग्यात काम करते. या विषयाचं मूळ बघायचं तर तंबाखूकडे जावं लागेल.

नोव्हेंबर १९९८ मध्ये ४६ राज्यांनी मोठ्या सिगारेट कंपन्यांशी करार केला. पहिल्या २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर. मिसिसिपी, फ्लोरिडा, टेक्सास आणि आमचं मिनेसोटा या चार राज्यांनी त्याआधीच वेगळी तडजोड केली होती. राज्यांचं म्हणणं होतं की धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचारांचा खर्च आम्ही सोसला, तो द्या. आणि करारात पैसे कशावर खर्च करायचे याची एकही अट नव्हती!

अमेरिकी संसदेची कॅगसारखी हिशेबतपासणी यंत्रणा आहे. तिने २००० ते २००५ चा हिशेब मांडला. राज्यांनी सुमारे ३० टक्के आरोग्यसेवेवर लावले, जवळपास २३ टक्के तूट भरण्यावर, आणि तंबाखू सोडवण्याच्या कामावर ३.५ टक्के. काही राज्यांना वर्षावर्षाच्या हप्त्यांचाही धीर निघेना. विस्कॉन्सिनने २००२ मध्ये पुढच्या अनेक वर्षांचे हप्ते रोख्यांच्या रूपात एकदमच विकले आणि त्या वर्षीची तूट भरली. उभं पीक कवडीमोलाने विकून टाकावं तसं. फुप्फुसाचा कर्करोग मात्र पुढची तीस वर्षं होत राहणार होता.

आता आमच्या मिनेसोटाचं ऐका, कारण माझ्या मते सुमेधाताईंच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. १९९८ च्या एकाच खटल्यातून दोन ठिकाणी पैसे गेले. एक भाग विधिमंडळाच्या हाती. त्यांनी त्यातून तरुणांना तंबाखूपासून दूर ठेवण्यासाठी व इतर आरोग्यकामांसाठी कायम निधी उभा केला, तो साधारण एक अब्ज झाला. दुसरा भाग, २० कोटी २० लाख, न्यायालयाने एका स्वतंत्र संस्थेकडे दिला, लोकांना धूम्रपान सोडायला मदत करण्यासाठी.

२००३ मध्ये तूट आली आणि विधिमंडळाने तो एक अब्जाचा निधी मोडला. सगळा. शाळकरी मुलांनी मुलांसाठी चालवलेली मोहीम त्या वर्षी बंद पडली. मी तेव्हा नवीन होते. पंधरा-सोळा वर्षांची मुलं आपले फलक, टी-शर्ट खोक्यांत भरत होती, ते मी पाहिलंय. न्यायालयाने बांधून दिलेले २० कोटी मात्र कोणालाही उचलता आले नाहीत. त्या संस्थेची फोनवरची मदत पुढे वीस वर्षांच्या आसपास चालू राहिली.

राज्य एक, खटला एक, वर्षही एक. एका थैलीचं तोंड बांधलेलं होतं, दुसरीचं नव्हतं.

---

पावशेर

डॉक्टर, खोक्यांचं वाचून गलबललं.

---

कृष्णाकाठ

तोंड बांधून सगळं साधतं असं वाटत असेल तर थांबा. मी अर्थशास्त्र शिकवतो.

समजा घरात आईच्या औषधांसाठी दरमहा दोन हजार बाजूला काढता. मामाने खास आईच्या औषधासाठी म्हणून दोन हजार पाठवले. तुम्ही ते औषधावरच खर्च केलेत, प्रामाणिकपणे. पण स्वतःचे दोन हजार काढून दुधाचं बिल भरलंत. मामाच्या पैशाचा हिशेब चोख. आईला मात्र एक गोळी जास्त मिळाली नाही.

सरकार हेच करतं. बांधलेला पैसा आला की त्याच कामावरची आपली तरतूद हळूच कमी करतं. मीनल यांनी सांगितलेलं रोख्यांच्या हप्त्यांचं प्रकरण हाच प्रकार. त्यामुळे नुसतं "अमुक कामासाठी" लिहून भागत नाही. "आधी जेवढा खर्च करत होतात त्याच्या वर" असंही लिहावं लागतं, आणि ते तपासणारा कोणी लागतो.

---

हिशेबनीस

कृष्णाकाठ, शंभर टक्के. हे मी स्वतः फाइलवर होताना पाहिलंय. "केंद्राकडून आलेच आहेत तर राज्याची तरतूद पुनर्विनियोजनाने दुसरीकडे घ्यावी", अशा टिपण्या असायच्या.

---

लेक_माणदेशी

मला अमेरिकेतलं काही माहीत नाही. पण हे वाचता वाचता माझी गोष्ट सांगावीशी वाटली.

मी नऊ वर्षांची असताना वडील ट्रकच्या अपघातात गेले. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा चार वर्षं चालला. निकाल लागला तेव्हा रक्कम आमच्या घराच्या मानाने खूप मोठी होती. घरावर सोसायटीचं कर्ज होतं, विहीर अर्धवट, धाकट्या काकांचं लग्न ठरलेलं. घरातल्या सगळ्यांना वाटलं, आता सुटलो. वाईट मनाने नाही, खरंच अडचण होती.

पण न्यायाधीशांनी आदेशातच लिहिलं होतं. आईचा वाटा अमुक, आणि मुलीचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत. न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय मोडायची नाही, त्यावर कर्ज काढायचं नाही. काका बँकेत गेले, तिथल्या साहेबांनी ठेवीचा कागद काढून त्यावरचा शेरा दाखवला. काका घरी येऊन गप्प बसले. दोन वर्षं आमच्याकडे ओढगस्त होती. आजी मला म्हणायची, "तुझ्या बापाचं पैसं आणि घर उपाशी." मला अपराधी वाटायचं.

अठरा पूर्ण झाल्यावर ती ठेव मोडली आणि मी साताऱ्याला नर्सिंगला गेले. आज घरातला पहिला पक्का पगार माझा आहे. सोसायटीचं राहिलेलं कर्ज मीच फेडलं, काकांच्या मुलीची फी मी भरते.

फॉल्समकर दादा, तुमच्या घरातली अडचण खरी होती, आमच्या काकांचीही खरी होती. पण त्या न्यायाधीशांनी तो शेरा मारला नसता तर ते पैसे विहिरीत गेले असते आणि मी पंधराव्या वर्षी बोहल्यावर उभी असते.

---

रानजाई

काय लिहू. डोळे भरून आले.

---

फॉल्समकर

ताई, वाचून बायकोलाही वाचायला दिलं. उत्तर उद्या लिहितो.

---

गोंयकार

अवांतर वाटेल, पण आमच्या गोव्यातली एक गोष्ट याच्या जवळची आहे. खाणींच्या खटल्यात एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खनिजाच्या विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायम निधीत ठेवा. विचार असा की खनिज पुढच्या पिढ्यांचंही आहे, आम्ही आज खाऊन संपवू नये. आदेशात हे आलं नसतं तर हे पैसे वेगळे काढायला कोणीही पुढे आलं नसतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

भोपाळचा_जावई

पण बांधलेला पैसा अडकूनही पडतो, हेही सांगायला हवं. फेब्रुवारी १९८९ मध्ये भोपाळच्या वायुगळतीची तडजोड ४७ कोटी डॉलरवर झाली. ते पैसे सरकारी तुटीत गेले नाहीत, वेगळे ठेवले गेले. पण पीडितांचे दावे निकाली निघता निघता वर्षं गेली. मधल्या काळात व्याज आणि डॉलरचा भाव यांनी शिल्लक वाढत राहिली, आणि जुलै २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की उरलेले सुमारे १,५०३ कोटी रुपये पीडितांमध्ये वाटून टाका. पंधरा वर्षं! माझ्या सासूबाईंच्या शेजारचे आजोबा तोवर गेले होते. त्यांच्या मुलाला पैसे मिळाले, ते त्याने वडिलांचं वर्षश्राद्ध आणि बहिणीच्या बाळंतपणावर खर्च केले. श्वासाचा पंप घ्यायचे ते दिवस निघून गेले होते.

---

हिशेबनीस

भोपाळचा मुद्दा बरोबर. वनीकरणाच्या भरपाईचंही तेच झालं. जंगल तोडणाऱ्यांकडून घेतलेले पैसे न्यायालयाच्या देखरेखीखाली साठत गेले, २०१६ मध्ये कायदा झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ४७ हजार कोटींहून जास्त राज्यांना मिळाले. लोकलेख्यात ठेवले, हे उत्तम केलं. पण तोवर झाडं कुठे लागली?

म्हणजे कुलूप हवं, आणि किल्ली कोणाकडे, कधी उघडायचं हेही ठरलेलं हवं.

---

कोल्हापुरी_कोलंबस

ओहायोत फार्मसिस्ट आहे. ओपिऑइडचं थोडं सांगतो, कारण सुरुवात त्या बातमीनेच झाली.

२०२१ मध्ये तीन मोठे औषध वितरक आणि एक उत्पादक कंपनी यांच्याशी २६ अब्ज डॉलरचा करार ठरला. वितरकांचे हप्ते १८ वर्षं चालतील. या वेळी वकिलांनी तंबाखूचा इतिहास समोर ठेवला होता. किमान ८५ टक्के रक्कम या व्यसनाच्या निवारणावरच खर्च व्हावी, असं करारात आहे. आमच्या ओहायोने ५५ टक्के एका वेगळ्या प्रतिष्ठानाकडे दिले, ३० टक्के गावं आणि काउंट्यांना (आपल्या जिल्ह्यांसारख्या), राज्याच्या हाती फक्त १५.

आता दुकानातलं. २०२३ च्या सप्टेंबरपासून नॅलोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडचा अतिडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळायला लागला. दोनच्या खोक्याची किंमत तेव्हा ४५ डॉलरच्या आसपास होती. एक मुलगा आला, विशीतला. खोकं हातात घेतलं, मागची किंमत पाहिली, खिशातल्या नोटा मोजल्या आणि खोकं परत जागेवर ठेवलं. सरळ, लेबल पुढे करून. मी त्याला हाक मारली आणि काउंटीच्या आरोग्य केंद्राचा पत्ता लिहून दिला, तिथे फुकट मिळतो. "भावासाठी हवाय," एवढंच म्हणाला.

तो पत्ता माझ्याकडे द्यायला होता, याला कारण तो पैसा तिथे पोचला होता. म्हणून तुटीची भाषा ऐकली की मला तो मुलगा दिसतो.

---

एडिसनकर

न्यू जर्सीची बाजू मी लिहितो, वीस वर्षं इथेच आहे.

आमच्याकडे राज्य अर्धे पैसे ठेवतं, अर्धे काउंट्या आणि गावांना. ते साडेचार कोटी राज्याच्या अर्ध्यातले. केंद्राच्या मेडिकेडच्या (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) कपातीने हॉस्पिटलं अडचणीत येतील, असं कारण दिलं. तिथेही व्यसनी रुग्णांवर उपचार होतात हे खरं. पण राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल मॅथ्यू प्लॅटकिन यांनी स्वतःच्याच सरकारच्या या निर्णयावर उघड टीका केली. कॅलिफोर्नियात हॅरिस, इथे प्लॅटकिन. पैसे मिळवताना पीडितांसमोर जे उभे राहिले त्यांनाच ते जास्त लागतं, असं दिसतं.

आमच्याकडे याचा आधीचा अध्यायही आहे. २०१५ मध्ये एक्झॉनशी तेलशुद्धीकरण प्रकल्पांच्या प्रदूषणाबद्दल साडेबावीस कोटींची तडजोड झाली. राज्याने आधी ८.९ अब्जांचा दावा केला होता! आणि अर्थसंकल्पात अशी ओळ होती की पाच कोटींवरचं सगळं सर्वसाधारण खात्यात. लोक चिडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये मतपत्रिकेवर प्रश्न आला, निसर्गाच्या नुकसानीचे पैसे निसर्ग सुधारण्यासाठीच वापरावेत अशी घटनादुरुस्ती करायची का. मी नागरिक झाल्यावरचं माझं पहिलं मतदान ते. रांगेत पुढे एक आजोबा होते, म्हणाले, लहानपणी या खाडीत आम्ही खेकडे पकडायचो. प्रश्न मोठ्या बहुमताने मंजूर झाला.

प्रदूषणाच्या पैशाला आता घटनेचं कुलूप आहे. ओपिऑइडच्या पैशाला तसं नाही.

---

डॉ_शैलजा

@एडिसनकर, ओक्लाहोमानेही हेच केलं होतं, तंबाखूच्या पैशासाठी. नोव्हेंबर २००० मध्ये घटनादुरुस्ती, बराचसा पैसा न्यासात, आणि खर्च फक्त त्याच्या उत्पन्नातून. त्यानंतर तिथेही तुटी आल्या, पण न्यास टिकला.

---

फॉल्समकर

काल उत्तर लिहितो म्हणालो होतो.

लेक_माणदेशी यांचं वाचून मी आणि बायको बराच वेळ बोललो. राज्याचंही नुकसान झालं होतं, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण राज्याला आपलं नुकसान भरून काढायला कर होता, कर्ज होतं, प्रस्ताव ३० होता. सुमेधाताईंकडे ४३ पानं होती.

एक मधला मार्ग विचारतो. कॅलिफोर्निया अडचणीच्या वर्षी आपल्याच खास निधींतून उसने घेतं आणि नंतर फेडतं, ते कायद्याने नोंदलेलं असतं. तडजोडीचे पैसेही तसेच, व्याजासह, परतीची तारीख लिहून उसने घेतले तर?

---

कृष्णाकाठ

उसने चालतील, पण ज्यांना आज गरज आहे त्यांना दोन वर्षांनी परत आलेला पैसा काय कामाचा? भोपाळ आठवा.

---

मीनल_ओकलंड

सहमत. फार तर पडून असलेला भाग. चालू कामाचा अजिबात नाही.

---

सुमेधा_स्टॉकटन

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

माझं मत आता पक्कं झालंय. पैसे नुकसान सोसलेल्यांचेच. आणि हे कराराच्या कागदावर, "आधीच्या खर्चाच्या वर" या शब्दांसह, लिहून घ्यायचं. नंतर अर्थसंकल्पाच्या वेळी भांडून उपयोग नाही.

काल रात्री कपाटातून ते पाकीट काढलं. फॅक्सच्या तीन चिठ्ठ्या. कागद पिवळा पडलाय, शाई जवळजवळ उडालीये, पण "४३ पाने, यशस्वी" एवढं अजून वाचता येतं. मुलाला दाखवल्या. तो आता सव्वीस वर्षांचा आहे. त्याने फोटो काढून ठेवले.

---

नवखी_नेवार्क

मी नेवार्कला राहते, सगळा धागा वाचला. @एडिसनकर, काउंटीला मिळालेले अर्धे पैसे कुठे जातात हे सामान्य माणसाला कसं कळेल? माझ्या मैत्रिणीचा भाऊ दोन वर्षांपूर्वी याच व्यसनात गेला. तिला कुठेतरी बोलायचं आहे.

---

एडिसनकर

काउंट्यांमध्ये या पैशासाठी सल्लागार समित्या आहेत. तुमच्या काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन करून बैठक कधी आणि तिथे लोकांना बोलता येतं का, हे विचारा. मैत्रिणीला जरूर न्या. भावाचा फोटो असेल तर तोही.

आमच्या मिडलसेक्समध्ये पुढची बैठक कधी ते मी उद्या फोन करून विचारतो आणि इथे लिहितो. कोणाला माझ्यासोबत यायचं असेल तर निरोप टाका, गाडीत चार जागा आहेत.